‘थोडे थांबा’ म्हणणारी पाटी

मी पत्र्याची एक जुनी पाटी आहे. रंग पिवळा, अक्षरं काळी. वरच्या दोन कोपऱ्यांना भोकं, भोकांतून साखळी, आणि ती अडकवायला अस्वलाच्या पिंजऱ्याच्या गजावर एक लोखंडी आकडा. माझ्यावर एवढंच लिहिलेलं आहे: ‘प्राणी विश्रांती घेत आहे. कृपया थोडे थांबा.’

मित्रांनो, तुम्ही प्राणिसंग्रहालयात येता ते प्राणी बघायला. पाटी बघायला कोणी येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्या दिवशी प्राणी दिसत नाही, त्या दिवशी माझ्याखेरीज बघायला दुसरं काही नसतं. म्हणून माझी हकिगत ऐका. ती गोड नाही, हे आधीच सांगते.

माझा जन्म इथल्याच आवारातला. हत्तीच्या शेडवर नवं छप्पर घातलं, त्यातून उरलेला पत्र्याचा तुकडा म्हणजे मी. पेंटरनं मला घासूनपुसून लख्ख केलं, पिवळा रंग दिला आणि ब्रश कानावर ठेवून विचारलं, “साहेब, काय लिहू? अस्वल जेवत आहे, असं लिहू?”

“छे,” साहेब म्हणाले. “जेवतंय म्हटलं की लोक गजावर चढून आत डोकावतील. विश्रांती घेत आहे, असं लिही.”

म्हणजे बघा, माझ्या पहिल्याच ओळीत थोडी भेसळ होती. पण ती भेसळ कोणाला बाधली नाही, कारण दुसरी ओळ खरी होती. थोडं थांबलं की अस्वल खरोखर येत असे.

ते अस्वल म्हणजे एक थोराड मादी होती. छातीवर पांढरा पट्टा, चालताना पाय आत वळलेले. तिची देखभाल करणारा रखवालदार तिला मावशी म्हणायचा. दुपार झाली की तो मागच्या बाजूनं हाळी द्यायचा, “मावशी, पानं वाढलीत, चला!” आणि मावशी डुलत डुलत आतल्या खोलीत जायची. रखवालदार लोखंडी दार सरकवून घ्यायचा, मला आकड्यावर टांगायचा, आणि बाहेरचा पिंजरा धुऊन काढायचा.

मग एक गंमत असायची. ती कोणी ठरवलेली नव्हती, आपोआप पडलेली रीत होती. पिंजऱ्यासमोर एक दगडी कट्टा आहे. त्यावर जे मूल सगळ्यांत आधी येऊन बसलं असेल, त्याला मला आकड्यावरून काढायचा मान मिळायचा. रखवालदार पिंजरा धुऊन झाला की हात पुसत पुढे यायचा आणि विचारायचा, “नंबर कोणाचा?” मूल पुढे यायचं. हात पुरत नसला तर रखवालदार त्याला कडेवर उचलायचा. साखळी निघाली की खळ्ळकन आवाज व्हायचा, आणि त्या आवाजासरशी मावशी आतून दारावर पंजा मारायची. तिला कळायचं, पाटी निघाली. दार सरकायचं आणि मावशी बाहेर यायची. मुलं अशी ओरडायची की शेजारची साळिंदरं बिळात पळायची.

त्या वेळी माझ्याकडे बघून कोणी तोंड वाकडं करत नसे. उलट मुलं लांबूनच ओरडायची, “पिवळी पाटी आहे, पळा, पळा!” पिवळी पाटी म्हणजे अस्वल येणार. माझा केवढा मान होता तेव्हा!

एके दिवशी पेंटरनं मला नवा हात दिला होता. रंग पुरता वाळला नव्हता, पण जेवणाची वेळ झाली म्हणून रखवालदारानं मला तसंच टांगलं. तेव्हा एक माणूस आपल्या मुलीला घेऊन आला. माणूस हमाल असावा, खांद्याचं कापड घासून पातळ झालेलं होतं. मुलीच्या अंगात निळा झगा होता. ती धावत येऊन कट्ट्यावर बसली. त्या दिवशी कट्ट्यावर बसणारी पहिली तीच.

“बाबा, अस्वल कुठाय? पाटीवर काय लिहिलंय?”

माणूस माझ्यापुढे उभा राहिला. त्याची नजर माझ्यावरून इकडून तिकडे गेली आणि परत आली. मित्रांनो, वाचणाऱ्याची नजर अक्षरागणिक थांबते. त्याची कुठेच थांबली नाही. आजूबाजूला लोक होते. कोणाला विचारावं, तर मुलीसमोर कसं विचारणार? त्यानं अंगठा माझ्या खालच्या कोपऱ्यावर टेकवला. अंगठ्याला पिवळा रंग लागला, आणि माझ्यावर अंगठा उमटला.

“रंग ओला आहे,” तो म्हणाला. “म्हणजे रंगकाम चाललंय. आज बंद असणार. चल.”

“पण एवढी सगळी माणसं बसलीत की!”

“त्यांना काही कामं नसतील. चल म्हटलं ना.”

ती मुलगी मान मागे वळवून बघत बघत गेली. ती दोघं वळणाआड झाली न झाली तोच रखवालदार हात पुसत आला. “नंबर कोणाचा?” कट्ट्यावरचा एक मुलगा म्हणाला, “निळ्या झग्यातली होती, ती गेली.” मग त्याच मुलानं मला काढलं. मावशी बाहेर आली आणि मागच्या पायांवर उभी राहिली. असं ती क्वचितच करायची.

पेंटरनं नंतर तो अंगठा बुजवला नाही. “राहू दे,” म्हणाला, “कोपऱ्यात कोण बघतंय?” पुढे पेंटर नोकरी सोडून गेला आणि माझ्यावर पुन्हा रंग चढला नाही. तो अंगठा आजही आहे.

वर्षं गेली. मावशी म्हातारी झाली. तिच्या तोंडावरचे केस पांढरे झाले, दात पडले. रखवालदार तिला अन्न कुस्करून घालायचा. एका सकाळी ती उठलीच नाही. रखवालदार बराच वेळ आतल्या खोलीत बसून होता. मग साहेब आले. हे साहेब नवे होते.

“नवं अस्वल मागवलंय,” ते म्हणाले. “येईपर्यंत ती पाटी लावून ठेव.”

“साहेब, तिच्यावर ‘थोडे थांबा’ लिहिलंय. लोक थांबतील हो.”

“थांबून थांबून किती थांबतील? कंटाळले की जातील पुढे. पुढे माकडं आहेत.”

रखवालदारानं मला आकड्यावर टांगलं. त्यानंतर माझ्या साखळीचा आवाज झाला नाही. नवं अस्वल आलं नाही, ते येणार नाही असंही कोणी सांगितलं नाही. रखवालदाराची बदली पक्ष्यांकडे झाली. फाटकाजवळच्या मोठ्या फलकावर मात्र अस्वलाचं चित्र तसंच राहिलं, छातीवरच्या पांढऱ्या पट्ट्यासकट.

मित्रांनो, तेव्हापासून माझ्यासमोर जे बोलणं होतं, ते तुम्हाला काय सांगू! एकदा एक नवराबायको आली. नवरा घाम पुसत म्हणाला, “एवढ्या लांब आलो आणि साधी शेपटीसुद्धा दिसली नाही.”

बायको म्हणाली, “अस्वलाला शेपटी असते तरी का?”

“असते. लहानशी. पण हे काय, भर दुपारी झोपायचं?”

“तुम्ही दर सुट्टीला जेवून घोरता, तेव्हा मी काही म्हणते का? तुम्हाला बघायला बिचारे लोक तिकीट काढून येत नाहीत, एवढाच काय तो फरक.”

ती हसत पुढे गेली. सगळेच हसत जात नाहीत. लहान मुलं हिरमुसून जातात. मोठी मुलं मला दगड मारतात. माझ्या दुसऱ्या ओळीवर कोणीतरी किल्लीनं ओरखडा काढला आहे. मला त्याचा राग येत नाही. ओरखडा योग्य ओळीवर काढला आहे.

आणि मग तो अंगठा उमटवणारा माणूस परत आला.

मी त्याला आधी ओळखलं नाही. केस पिकलेले, खांदे उतरलेले, नाकावर चष्मा. बरोबर एक लहान मुलगी, त्याची नात. फाटकापासून तो प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत येत होता. साळिंदराची पाटी वाचताना मी त्याचा आवाज ऐकला. एकेक अक्षर बोटानं दाखवत, सावकाश, पण न चुकता. नात कंटाळली होती.

“आजोबा, सगळ्या कशाला वाचताय?”

“वाचू दे गं. या वयात शिकलोय, वापरायला नको?”

मग ती दोघं माझ्यासमोर आली. त्यानं चष्मा नीट केला. “प्राणी... वि... श्रां... ती... विश्रांती घेत आहे. कृपया थोडे थांबा.” वाचून झाल्यावर तो असा हसला, जणू मी त्याला गोड बातमी दिली होती. “बघ! मी म्हटलं होतं ना? थांबायचं लिहिलंय. येणार ती!”

ती दोघं कट्ट्यावर बसली. त्यानं नातीला सगळं सांगितलं. “तुझ्या आईला मी इथून तसंच नेलं होतं गं. मला वाचता येत नव्हतं. बंद आहे म्हणालो आणि ओढत घेऊन गेलो. पुढे एका शेजाऱ्यानं सांगितलं, अरे, ती पिवळी पाटी म्हणजे अस्वल येणार. आणि पहिलं बसेल त्या मुलाला रखवालदार पाटी काढायला देतो, साखळी वाजली की ती मावशी अस्वल बाहेर येते. तेव्हा जिवाला जे लागलं ते लागलंच. तुझी आई कधी बोलली नाही. तिनं बोलायला हवं होतं.”

“आई आज म्हणाली, बघून ये आणि मला सांग अस्वल कसं होतं ते.”

“सांगशील की. आज तूच पहिली आहेस. तूच पाटी काढायचीस.”

मित्रांनो, मी पत्रा आहे. मला तोंड नाही, आणि जे शब्द आहेत ते दुसऱ्यानं लिहिलेले. माझ्याकडे आणखी एक जरी ओळ असती, तरी मी त्या म्हाताऱ्याला म्हणाले असते, जा बाबा.

ती दोघं थांबली. लोक आले, बघून गेले. “थोडं म्हणजे किती, आजोबा?” नातीनं विचारलं. तो म्हणाला, “थोडं म्हणजे थोडंच. लिहिलंय ना.” त्यांनी डबा उघडला, खाल्लं, डबा बंद केला. एका माणसानं जाता जाता सांगितलं, “काका, इथे काही दिसत नाही, पुढे चला.” म्हातारा त्याच्याकडे बघून मनापासून हसला. “अहो, वाचा की ती पाटी!”

ऊन उतरलं. फाटकाकडून शिट्टी वाजली. बाग बंद व्हायची वेळ झाली.

“रखवालदार विसरला असेल,” म्हातारा उठत म्हणाला. “तूच काढ. आवाज झाला की ती येते.”

त्यानं नातीला उचललं. तिनं साखळी धरली आणि मला आकड्यावरून काढलं. खळ्ळकन आवाज झाला. कितीतरी काळानं झाला. ती मला छातीशी धरून गजांतून आत बघत राहिली. आत वाळलेलं गवत, एक फुटका हौद आणि मागे ते लोखंडी दार.

“आजोबा,” ती म्हणाली, “त्या दारावर वेल वाढलीय.”

“असू दे.”

“नाही, बघा ना. या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलीय. दार उघडलं असतं तर ती तुटली असती ना?”

म्हाताऱ्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. तेवढ्यात मागून कोणीतरी आलं. हातात पक्ष्यांच्या दाण्याची बादली. आमचा रखवालदार, तोही आता पांढरा झालेला. मुलीच्या हातात मला बघून तो जागच्या जागी थांबला.

“नंबर माझा होता,” मुलगी म्हणाली. “मी काढली. ती का नाही आली?”

रखवालदारानं बादली खाली ठेवली. “मावशी गेली, बाळ. खूप दिवस झाले.”

“कुठे?”

त्यानं म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हातारा माझ्याकडे बोट दाखवत होता. “मग हे काय लिहिलंय?”

“साहेबांनी लावायला सांगितलं. नवं येईपर्यंत.”

“पण मी वाचलं ना,” म्हातारा म्हणाला. “मी तिला वाचून दाखवलं हो.”

म्हाताऱ्यानं मला नातीच्या हातातून घेतलं. त्याचा अंगठा माझ्या खालच्या कोपऱ्यावर पडला, जुन्या अंगठ्याच्या अगदी शेजारी. त्यानं खाली बघितलं आणि तो बराच वेळ बघत राहिला. मग मला रखवालदाराच्या हातात दिलं, नातीचा हात धरला आणि निघाला.

साळिंदराच्या पिंजऱ्यापाशी नात थांबली. तिला बहुतेक त्याची समजूत घालायची होती. “आजोबा, ही पाटी परत वाचा ना. सावकाश वाचलीत तरी चालेल.”

“चल,” तो म्हणाला.

फाटकापर्यंत कितीतरी पाट्या आहेत. जाताना त्यानं एकही वाचली नाही.

रखवालदार मला हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला. मला वाटलं, आता हा मला भंगारात टाकेल. मला चाललं असतं. पण त्याची नोकरी थोडीच उरली होती आणि साहेब अजून होते. त्यानं मला परत आकड्यावर टांगलं.

मित्रांनो, मला नवा रंग नको. माझ्यावरची धूळ पुसू नका, माझ्या साखळीला तेल घालू नका. मागणं एकच आहे. कोणाला थांबा म्हणायचं असेल, तर कोणीतरी येणार आहे याची आधी खात्री करा. तेवढं जमत नसेल तर पत्रा कोराच ठेवा. अक्षरं शिकायला माणसाला फार कष्ट पडतात.

आज सकाळीच एक बाई आपल्या चिमुरडीला घेऊन आली आहे. मुलगी धावत येऊन कट्ट्यावर बसली. ती नुकतीच वाचायला शिकली असावी, कारण आई कौतुकानं म्हणते आहे, “वाच बघू, काय लिहिलंय?”

ती एकेक अक्षर जुळवते आहे. बरोबर वाचते आहे.