एकविसाव्या दिवशी मी उठले

मित्रांनो, मी एक जुनी कोंबडी आहे. जुनी म्हणजे इतकी, की माझ्या बरोबरीच्या सगळ्या जणी कधीच रश्श्यात गेल्या आणि मी अजून पारनेर तालुक्यातल्या एका मळ्यात, कांद्याच्या चाळीमागे, उकिरडा उकरत फिरते आहे. माझा रंग करडा, अंगावर पांढरे ठिपके, म्हणून नाव ठिपकी. उजव्या पायाचं एक बोट मुंगसाने नेलं आहे. अंडी द्यायचं मी जवळजवळ सोडलंच आहे. तरी मला कोणी कापत नाही. का नाही, ते सांगते.

माझा जन्म एका फुटक्या घमेल्यात झाला. खाली राख, वर गव्हाचा भुसा. कवच फोडायला मला अख्खा दिवस लागला. बाहेर आले तेव्हा पहिल्यांदा दिसली ती हिरव्या बांगड्यांची दोन मनगटं. ती चांगुणाबाईंची. त्या आणि त्यांचे यजमान गहिनीनाथ, दोघं मिळून हा मळा करतात. शिवाय गहिनीनाथ नगरच्या मार्केटला टेम्पो नेतात. त्यांना एकच मुलगी. तिचं नाव पंकजा, ती यंदा दहावीला आहे.

मोठी झाल्यावर मी खुडूक होऊ लागले. खुडूक होणं म्हणजे काय? अंडी घालणं थांबतं आणि अंड्यांवर बसायची ओढ लागते. अंग तापतं, पिसं फुलतात, जवळ येईल त्याला टोचावंसं वाटतं. पुष्कळ घरांत अशा कोंबडीला थंड पाण्यात बुचकळून काढतात, म्हणजे तिचं खूळ उतरतं. चांगुणाबाईंनी मला कधी बुचकळलं नाही. त्या मला अंडी देत. माझी देत, शेजारणीची देत, एकदा तर बाजारातून आणलेली दिली. मी सगळी उबवली. दोनदा घारीच्या अंगावर गेले. आजूबाजूच्या वस्त्यांवरून बायका मला तीन-तीन आठवडे मागून न्यायच्या. त्या काळात माझा काय तोरा होता म्हणून सांगू.

आता पंकजाविषयी. ही मुलगी ओट्यावर बसून मोठमोठ्याने अभ्यास करते. माझं सगळं शिक्षण असंच झालं. हिवाळ्यात तिच्या विज्ञानाच्या तासाला उत्क्रांतीचा धडा सुरू झाला आणि आमच्या घरात कोणाला चैन राहिलं नाही. सगळ्या सजीवांचे पूर्वज एक आहेत, असं तिने म्हशीला सांगितलं. माणसाच्या पूर्वजांना शेपूट होतं आणि त्याची खूण पाठीच्या खाली अजून आहे, असं वडिलांना सांगितलं. गहिनीनाथांनी भर ओट्यावर, शेजारी बसलेले असताना, हात मागे नेऊन चाचपून पाहिलं. मग दोन दिवस ते भेटेल त्याला चाचपायला लावत होते.

आणि एका संध्याकाळी ती गप्प घरी आली.

काय झालं होतं, ते तिने घरात सांगितलं नाही. मला सांगितलं, कारण मी उलटून काही विचारत नाही. वर्गात स्टेला मॅडमनी विचारलं होतं, की कोंबडी पिल्लासाठी घारीशी का झुंजते? मग त्यांनीच समजावलं, की पिल्लांमध्ये आईचाच अंश असतो. ज्या आयांनी पिल्लं जपली त्यांची पिल्लं जगली, आणि जपण्याचा तो स्वभाव पुढे चालत आला. मागच्या बाकावरून अमृत म्हणाला, “मॅडम, मग पंकजाच्या आईचं गणित चुकलं म्हणायचं.” वर्ग हसला, तेवढ्यात घंटा झाली, आणि मॅडमना जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं.

अमृतला दुखवायचं नव्हतं. पंकजाला चार महिन्यांची असताना नगरच्या एका संस्थेतून आणलं, हे सगळ्या गावाला माहीत आहे. ती स्वतःच सांगते, “तुम्ही आपोआप आलात, मला निवडून आणलंय.” पण त्या दिवशी तिला पहिल्यांदा भीती वाटली. माया जर आपल्या अंशासाठीच असेल, तर आईची तिच्यावरची माया काय आहे? दया? सवय? की आई नुसतीच निभावते आहे?

आईला विचारायची तिची हिंमत झाली नाही. तिने प्रयोग करायचं ठरवलं. मी तेव्हा खुडूक होतेच. सुप्याजवळ तिचे श्रीमंतमामा शेततळ्यावर बदकं पाळतात. त्यांच्याकडून ती चार अंडी घेऊन आली. माझी चार, बदकाची चार. बदकाच्या अंड्यांवर तिने कोळशाची रेघ ओढली आणि मला म्हणाली, “ठिपके, तू जर दोन्हीवर सारखीच बसलीस, तर मी जिंकले.”

मी बसले. सारखीच बसले. पंकजा रोज शाळेला जाण्याआधी वाकून बघायची आणि वहीत लिहायची. दहाव्या दिवशी ती पुन्हा मोठ्याने वाचू लागली. विसाव्या दिवशी संध्याकाळी कवचं तडकू लागली, आणि एकविसाव्या दिवशी दुपारपर्यंत माझी चार पिल्लं कोरडी होऊन पोटाखालून डोकी काढू लागली. कोळशाच्या रेघेची चारही अंडी मात्र तशीच होती.

मग मी उठले.

मित्रांनो, तुम्हाला खोटं सांगणार नाही. मला वाईट वाटलं नाही. मला काहीच वाटलं नाही. पिल्लं चिवचिवत होती, त्यांना दाणा दाखवायचा होता, आणि माझे पाय आपणहून उभे राहिले.

पंकजा शाळेतून आली तेव्हा मी चाळीपलीकडे होते. गार वारा सुटला होता. तिने ती चार अंडी ओढणीत घेतली आणि माझ्या घमेल्याशेजारी बसून राहिली. चांगुणाबाई कांद्याची लागण उरकून आल्या, हातापायांना चिखल तसाच. त्यांनी विचारलं, काय झालं?

“ठिपकी उठली. तिला कळलं आपली कोणती ते.”

“पिल्लं झाल्यावर उठायचीच की.”

“ही तिची नव्हती म्हणून सोडली तिने. माया आपल्या रक्तासाठी असते, पुस्तकात आहे तसं.” मग एवढे दिवस अडलेलं बाहेर पडलं. “मग तू माझ्यासाठी कशी काय बसलीस, आई?”

चांगुणाबाईंनी हौदावर जाऊन हात धुतले, पाय धुतले, आणि येऊन लेकीशेजारी टेकल्या.

“तुला आनलं तवा मला काय वाटलं, म्हाईत हाय का?” त्या म्हणाल्या. “काय बी न्हाई वाटलं. भ्या वाटलं. लोकाचं लेकरू, आपल्याच्यानं हुईल का न्हाई. आठ दिस तू रडायचीस आन मी घड्याळाकडं बघायचे.”

पंकजाने मान वर केली. तिला हे अपेक्षित नव्हतं. “मग कधी वाटलं?”

“तारीख न्हाई लिहून ठिवली. दूध पाजायचं, लंगोट धुवायचे, ताप आला की पारनेरला न्यायचं, ह्यातच दिस जायचे. एकदा तुझ्या मामीनं तुला कडंवर घेतलं आन घेऊन गेली शेताकडं. माझा हात रिकामा झाला. काय करावं सुचंना. तवा समजलं, हे काय तरी झालंय आपल्याला.”

“पण मॅडम म्हणाल्या ते पण खरंच आहे. माया तशीच सुरू झाली.”

“आसंल की. भूक लागती ती मानसानं जगावं म्हनून, हे बी तुझ्या पुस्तकात आसंल. म्हनून काय भाकरीची चव खोटी हुती?”

पंकजाने ओढणीतली अंडी सारखी केली. मग म्हणाली, “आणि ठिपकी खरंच कळून उठली असेल तर?”

“तर काय? ती कोंबडी हाय, पंके. मला कोंबडीशी मापतीस व्हय गं?”

तेव्हा ती हसली. हसता हसता रडली, आणि आईच्या ओल्या पदराला नाक पुसलं.

चांगुणाबाईंनी मात्र अंडी फेकली नाहीत. कोमट पाण्याचं पातेलं आणून त्यांनी एक अंडं अलगद त्यात सोडलं. अंडं तरंगलं, स्थिर झालं, आणि मग आपणच डुलू लागलं. आत कोणीतरी हलत होतं. श्रीमंतमामांना फोन लावला तेव्हा ते म्हणाले, बदकाला अठ्ठावीस दिस लागत्यात, त्यात काय इचारायचं. आमच्या घरात बदक कोणी पाळलं असतं तर माहीत असतं ना! म्हणजे मला काही कळलं-बिळलं नव्हतं. माझी पिल्लं आधी आली, एवढंच.

पुढचे सात दिवस ती अंडी चांगुणाबाईंनी सांभाळली. टोपलीत जुनं लुगडं, वर बल्ब. वीज गेली की गरम पाण्याच्या बाटल्या. लागणीवरून मधेच घरी येऊन त्या अंडी उलटायच्या. गहिनीनाथांनी मार्केटला जाऊन सांगितलं, की आमची मंडळी यंदा खुडूक बसली आहेत. चारांतलं एक अंडं फुटलंच नाही. तीन फुटली. दिवेलागणीला चांगुणाबाईंनी ती पिवळी पिल्लं हळूच माझ्या पंखाखाली सरकवली. पहिल्याला मी टोचलं, कबूल करते. पण ते चपट्या चोचीचं गार बाळ तसंच आत शिरलं. थोड्या वेळाने मला आठवेना, की कोणतं आधीचं आणि कोणतं नंतरचं.

पंकजाने हे सगळं वर्गात उभं राहून सांगितलं, आईच्या बोलीसकट. मग तिने स्टेला मॅडमना राहिलेलं उत्तर विचारलं. मॅडम म्हणाल्या, माया कशी सुरू झाली हे शास्त्र सांगतं. ती कोणावर करायची, हे शास्त्राने तुमच्यावर सोडलं आहे. अमृत मान खाली घालून बसला होता. सुट्टीत येऊन त्याने एक बदक मागितलं. पंकजाने दिलं नाही, पण रविवारी बघायला ये म्हणाली.

तर मित्रांनो, माझी विनंती ऐका. आम्ही बसलेल्या असताना जवळ दाणा-पाणी ठेवा, कारण उठायचं आम्हाला सुचत नाही. खुडूक झालेल्या कोंबडीला पाण्यात बुचकळू नका. पाहुणे आले की गहिनीनाथ अजूनही माझ्याकडे बघतात, पण पंकजा मधे उभी राहते. म्हणते, हिला हात लावायचा नाही, हिच्यामुळे मी आईला विचारलं.

आणि तुमच्या मनात असा काही प्रश्न असेल, तर घरच्या माणसाला सरळ विचारा. एकवीस दिवस माझ्याकडे बघत बसू नका. मी कोंबडी आहे. एवढं ओझं माझ्यावर टाकायचं नसतं.