कोनादूआजीचा पाय

सेरवाला एकच गोष्ट बघून यायची होती, कोनादूआजीच्या पायाची जखम. आजीचा मुलगा ओसेई हॅम्बुर्गला. त्याचा चुलतभाऊ वर्षभर "काकू ठणठणीत आहे" सांगत राहिला, आणि त्याच वर्षात साखरेच्या आजारापायी आजीच्या पायाचं एक बोट कापलं गेलं. आता ओसेईने सेरवाची कंपनी धरली होती, परदेशातल्या लोकांची इथली कामं बघणारी. विश्वास? तो त्याचा स्वतःच्या सावलीवरसुद्धा नव्हता.

मॅम्पाँग गावातल्या आजीच्या अंगणात शिरल्या शिरल्या सेरवाने फोन पुढे धरला. "आजी, ओसेईदादा आहेत फोनवर. पाय दाखवा बरं."

आजीने कमरेचं कापड पायावर ओढलं आणि कोंबड्यांकडे बघत बसली. एक शब्द नाही.

"आई? आई, बोल ना!" ओसेई ओरडला. "काय झालंय तिला? तुम्ही काय लपवताय?"

"मी कशाला लपवू? त्याच बोलत नाहीयेत!"

"सगळे असंच म्हणतात."

सेरवाचं डोकंच सणकलं. पण तिने आजीकडे नीट पाहिलं. घाबरलेली नव्हती, रुसलेलीही नव्हती. कशाची तरी वाट बघत होती. कशाची? शेजारी रिकामी खुर्ची, स्टुलावर झाकलेला पाण्याचा पेला. अरे देवा! कुमासी शहरात चार वर्षं काय काढली, माणसाच्या घरात कसं शिरतात तेच विसरली होती बया. आधी हात हातात घ्यायचा, बसून पाणी प्यायचं, मगच कामाचं बोलायचं.

तिने फोन भिंतीला टेकवला. आजीचा उजवा हात हातात घेतला, बसली. आजीने पेला दिला, ती प्यायली. तेव्हा कुठे आजीचं तोंड उघडलं.

"आमचं बरं चाललंय. तू काय काम काढून आलीस, पोरी?"

"वाईट काही नाही, आजी. ओसेईदादांनी पाठवलंय. तुमच्या पायाची काळजी लागलीय त्यांना."

"असं होय." आजी फोनकडे वळली. "आणि तू रे? नऊ वर्षांनी घरात तोंड घातलंस ते थेट पायाशी? पाणी पी आधी."

"आई, मी कामावर आहे..."

"तिकडे नळ नाहीत?"

ओसेई उठला. ग्लास भरून आणला, प्याला. दोघी टक लावून बघत होत्या.

"आता बोल. काय काम काढलंस?"

त्याने ग्लास खाली ठेवला. "भीती वाटते गं, आई. मला कुणी खरं सांगत नाही."

आजीने कापड वर घेतलं आणि स्वतःच पट्टी सोडली. वास सेरवाच्या नाकात शिरला.

"चित्र अडकलंय," ओसेई म्हणाला. "मला काही दिसत नाही. सेरवा, तू सांग."

सेरवाने वाकून पाहिलं. बरं आहे म्हटलं असतं तर त्याला कळलंही नसतं. "चांगला नाही, दादा. टाचेपर्यंत काळं पडलंय. आजच दवाखान्यात न्यायला हवं."

"ने," तो म्हणाला. फोटो मागितला नाही, काही नाही.

आजी तिच्या खांद्यावर भार टाकून उठली. "हळू चाल गं, बये. तुझे दोन्ही धड आहेत."