गुरुवारची उपकारस्तुती

रविवारच्या उपासनेत सूचना वाचताना चर्चचे सेक्रेटरी हितेंद्र यांनी तिसऱ्या सूचनेत मनमोहन साळवे प्रभूमध्ये निजल्याचं दुःख व्यक्त केलं, आणि पाचव्या सूचनेत त्याच मनमोहन साळवे यांची बायपास यशस्वी झाल्याबद्दल गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या परळच्या घरी उपकारस्तुतीची सभा असल्याचं आनंदाने जाहीर केलं. मधली चौथी सूचना संडेस्कूलच्या सहलीची होती. कुणी हसलं नाही. ही मंडळी चर्चमध्ये एरवीही हसत नसत.

पाचवी सूचना साळव्यांच्या पत्नी उर्मिलाबाईंनी स्वतःच दिली होती. तेव्हा मनमोहनराव घरी बसून पेपरातल्या चुका काढत होते. मग सोमवारी सकाळी ते दाढीचं पाणी घ्यायला उठले आणि खाली बसले, ते बसलेच. मंगळवारी शिवडीच्या कब्रस्तानात माती झाली. हितेंद्रने नवी सूचना घातली. जुनी काढायची राहिली.

उपासना सुटल्यावर तो दारात येऊन उभा राहिला. चेहरा पाहून वाटावं, त्याच्याच घरचं कुणी गेलंय.

"काकू, माफ करा. पुढच्या रविवारी रद्द म्हणून वाचतो."

"पुढच्या रविवारी गुरुवार होऊन गेलेला असेल रे," उर्मिलाबाई म्हणाल्या. "राहू दे. या सगळे."

तोंडातून निघून गेलं खरं, पण टॅक्सीत बसल्यावर त्यांनाच धडकी भरली.

कारण असं होतं, की ऑपरेशन थिएटरबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्या म्हणाल्या होत्या, 'ह्यांना घरी येऊ दे, उपकारस्तुती करीन.' ह्याला नवस म्हणायचं नाही. ख्रिस्ती माणूस नवस करत नाही, त्याचं देवाशी बोलणं होतं. आणि हे घरी आले होते, स्वतःच्या पायांनी जिना चढून. देवाने आपली बाजू पाळली होती. किती दिवसांसाठी, तेवढं ठरवून घ्यायचं राहिलं होतं. मिळाले तीन आठवडे.

पण उपकारस्तुतीत घरच्या माणसाला उभं राहून साक्ष द्यावी लागते: देवाने काय केलं, आपण कशाचे आभार मानतो. खाणंपिणं त्यानंतर. उर्मिलाबाईंना इतर ठिकाणी थोडंफार खोटं बोलता येई. प्रार्थनेत येत नसे. आभार मानण्यासारखं त्यांना काही दिसत नव्हतं, आणि सभा तर बोलावून बसल्या होत्या.

मनमोहनरावांची थोरली बहीण कमळाबाई गिरगावातून फोनवरच कडाडली.

"भाऊ जाऊन पंधरवडा झाला नाही, आणि पुऱ्या तळतेस? लोक काय म्हणतील?"

"लोक जेवायलाच येणारेत, ताई. म्हणतील काय?"

"मी येईन. पण पाण्याचा घोट घ्यायची नाही, सांगून ठेवते."

गुरुवारी दुपारी शेजारची शांता परब पोळपाट घेऊन हजर झाली. "तुमच्यात दिवस घालणत नाय ना गे? मगे ह्यां काय?"

"आभार."

"कसले?"

"तेच बघतेय," उर्मिलाबाई म्हणाल्या.

शांताने बटाटे सोलले, मिरच्या चिरल्या आणि फोडणीसाठी लसूण शोधायला फ्रिज उघडला. "अगो, बाटलीभर सोललेलो आसा मां हय!"

उर्मिलाबाईंनी तिच्या हातातून बाटली काढूनच घेतली. "तो नको. मी बाजारातून आणते."

शांता बघत राहिली. उर्मिलाबाई बाटली छातीशी धरून उभ्या होत्या. फ्रिजचं दार उघडं राहिलं म्हणून फ्रिज टूँटूँ करायला लागला. त्यांनी दार लावलं, पण बाटली आत ठेवली नाही. मग त्यांनी झाकण फिरवलं आणि बाटली खलबत्त्यात उपडी केली.

"सगळो?" शांता म्हणाली. "रातभर वास येतलो लोकांक."

"येऊ दे."

संध्याकाळी खोली भरली. पाळकसाहेब फार सांभाळून बोलले. भाषणात त्यांनी 'बरे होणे' हा शब्द दोनदा टाळला आणि तिसऱ्यांदा नाइलाजाने खोकले. कमळाबाई दाराजवळच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिच्यापुढे पाण्याचा ग्लास होता आणि ती त्याच्याकडे मुद्दाम बघत नव्हती. मग साहेब हळूच म्हणाले, "उर्मिलाबाई, बोलवत नसेल तर राहू द्या."

"बोलते." त्या उठल्या. "हे गेले, त्याबद्दल मी आभार मानणार नाही. मला ते जमणार नाही, आणि देवालाही खोटं आवडायचं नाही."

मागे कुणीतरी घाईने 'आमेन' म्हणालं आणि गप्प झालं.

"लग्नाला चौतीस वर्षं झाली. ह्यांनी कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. आले तर चहाला इतका वेळ का, हे विचारायला. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी जिना बंद केला. मग बसणार कुठे? माझ्यासमोर, ओट्यापाशी. म्हणाले, काहीतरी काम दे. वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, म्हणून मी लसूण दिला. तीन आठवडे हे लसूण सोलत होते. एक पाकळी सोलायची आणि दहा मिनिटं बोलायचं. चौतीस वर्षांत बोलले नव्हते, तेवढं बोलले. ते मी मागितलं नव्हतं. मी फक्त घरी आणून दे म्हटलं होतं. त्याचे आभार. उरलेला लसूण मी तसाच जपून ठेवणार होते. पण तो किती टिकणार? आज भाजीत घातलाय. सगळ्यांनी पोटभर जेवा."

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली ती अगदी छोटी, आणि तेवढ्यातही त्यांना दोनदा थांबावं लागलं.

पुऱ्या फिरल्या. उर्मिलाबाई स्वतः ताट घेऊन कमळाबाईसमोर गेल्या. कमळाबाईने ताटाकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं आणि पुरीचा तुकडा मोडला. दुसऱ्या घासाला ती थांबली, तोंडात बोट घालून काहीतरी बाहेर काढलं आणि बोटावर धरून उजेडात पाहिलं. लसणाचं साल. अख्खंच्या अख्खं.

"हे सोलणं म्हणायचं?" ती म्हणाली. "लहानपणी मटारही असाच सोलायचा मेला. आई सगळं परत निवडायची."

"मीही निवडायचे," उर्मिलाबाई म्हणाल्या. "आज नाही निवडलं."

कमळाबाईने ते साल ताटाच्या कडेला नीट ठेवलं, पदराने डोळे पुसले, आणि समोरचा ग्लास उचलून अर्धा संपवला.

"भाजी वाढ आणखी," ती म्हणाली.