सार गावची निनावी हाक

बहरीनच्या मराठी मंडळात चंद्रशेखरशी वाद घालून जिंकलेला माणूस कुणाच्या पाहण्यात नव्हता. व्यवसायाने तो स्थापत्य अभियंता. पण हिवाळ्यातला शुक्रवार उजाडला, की तो आपखुशीने वाटाड्या होई. व्हिजिट व्हिसावर मुलांकडे आलेल्या आईवडिलांना मिनीबसमध्ये बसवायचे, सार गावची चार हजार वर्षांपूर्वीची थडगी दाखवायची, तिथून पोर्तुगीज किल्ल्यावर न्यायचे आणि उन्हे उतरताना बुदैयाच्या किनाऱ्यावर चहा पाजून परत आणायचे, हा त्याचा शिरस्ता. थडग्यांविषयी तो अशा अधिकाराने बोले, की जणू ती त्यानेच देखरेख करून बांधून घेतली होती. मात्र त्यांच्या पूर्वेच्या टोकाला तो पाहुण्यांना कधी नेत नसे. "तिकडे विशेष काही नाही," असे म्हणून तो तोंड फिरवी.

त्या टोकाला लहान मुलांची थडगी होती.

आणि दर हिवाळ्यात कुणी ना कुणी म्हातारी नेमकी त्याच टोकाकडे बोट करून विचारी, "ते मूल कुणाचं हो, उन्हात बसलेलं?" चंद्रशेखर वळून पाही, तर तिथे उन्हाखेरीज काही नसे. गावातले असेल, म्हाताऱ्यांची नजर ती, वाळवंटातले ऊन माणसाला फसवते. उत्तरे त्याच्यापाशी तयार होती. त्या रात्री झोप मात्र लागत नसे.

त्याचे कारण घरात होते. सहा वर्षांपूर्वी त्याला मुलगा झाला आणि नवव्या दिवशी गेला. अंगावर पिते मूल जाळीत नाहीत, पुरतात. चंद्रशेखर आणि मिनीबसचा ड्रायव्हर मुनाफ, दोघांनीच ते काम उरकले. त्याची बायको उल्का हिने ती जागा पाहिलीदेखील नाही, आणि पुढे रस्ता रुंद झाला त्यात जागाच गेली. उल्केने तेव्हा एकच मागितले होते, की पोराला नाव द्या. चंद्रशेखरने शास्त्र काढले. नाव ठेवायचे ते बाराव्या दिवशी, बारशाला. बारसेच झाले नाही त्याला नाव कसले? तो वाद तो जिंकला. त्यानंतर उल्केने त्याच्याशी वाद घालणेच सोडून दिले.

आता बहरीनमधला मुक्काम संपला होता. नोकरीचा करार सरला, व्हिसा कॅन्सल झाला, सामान बोटीने पुढे गेले. मंगळवारचे विमान होते. गुरुवारी संध्याकाळी उल्का भाजी निवडता निवडता म्हणाली, "मी येत नाही."

"कुठे?"

"मुंबईला. त्याला इथे एकटं टाकून मी विमानात बसायची नाही."

"उल्का, कॅन्सल झालेल्या व्हिसावर तुला इथे कोण राहू देणार आहे?"

"ते तुम्ही बघा. तुम्हाला सगळं माहीत असतं."

तिचे माहेर गुहागरचे. तिकडे समुद्रावरून, रानातून किंवा पडक्या देवळातून उठताना आई आपल्या प्रत्येक मुलाला नाव घेऊन मोठ्याने हाक मारते, 'चल रे, घरी चल.' हाक मारली नाही तर मुलाचा जीव तिथेच खेळत राहतो, असा समज आहे.

"हाक मारली की येईल तो," उल्का म्हणाली, "पण हाक मारायला नाव लागतं."

"मग बाळा म्हण. कुणालाही बाळाच म्हणतात. हेतू पोचल्याशी कारण."

उल्केने त्याच्याकडे पाहिले. बोलली मात्र नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "उद्या मी तुमच्या सहलीला येणार. ती पोरांची थडगी बघायची आहेत मला. त्याची जागा राहिली नाही, तर दुसरीकडे जाणार कुठे? पोरांतच गेला असेल."

शुक्रवारी एक पाहुणे उशिरा उठले, त्यामुळे बस सारला पोचली ती ऐन माध्यान्ही. सावल्या पायांखाली गेलेल्या. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी एकाला एक लागून असलेली ती दगडी थडगी भाजून पांढरी पडली होती. चंद्रशेखरने आपले व्याख्यान सुरू केले. पाहुण्यांत प्रज्योत नावाचा एक तंत्रज्ञ आणि त्याची आई कुसुमबाई होत्या, जालन्याच्या. बाई पदराने वारा घेत शांतपणे ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "साहेब, ते लेकरू कोणाचं?"

"गावातलं असेल, मावशी."

"गावातलं असं उघडंनागडं कशाला बसंल? त्याची माय कुठंय?"

"आई, तिथं कोणी नाहीये," प्रज्योत ओशाळून म्हणाला. "उगीच भुताच्या गोष्टी नको."

"गप ए! आपण बुद्धाची माणसं, भूतखेत मानत नाही. मी कुठं भूत म्हणले? लेकरू बसलंय, एवढंच म्हणले."

उल्का तोवर चालू लागली होती. चंद्रशेखर तिच्यामागे गेला. पूर्वेचे ते टोक तो आज प्रथमच जवळून पाहत होता. मोठ्या माणसांच्या थडग्यांना बाहेरून बिलगून वीतभर-हातभर लांबीची थडगी होती. झोपेत आईच्या पाठीला लागून निजावे तशी. एक, त्याच्या पलीकडे दुसरे, आणि मग जिकडे पाहावे तिकडे. उल्का एका थडग्याशी बसली आणि उठेना. बसमध्ये जाऊन बसलेल्या मंडळींसाठी मुनाफने हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला.

"ऊठ. लोक थांबलेत."

"कशी उठू? काय म्हणून हाक मारू?"

लाज, ऊन आणि हॉर्न या तिहींनी मिळून चंद्रशेखरचा तोल घालवला. हा प्रश्न एकदाचा निकालात काढावा, म्हणून तो दोन्ही हात तोंडाशी नेऊन मोठ्याने ओरडला, "चल रे बाळा, घरी चल!"

उल्केने झेप घेऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला, पण हाक निघून गेली होती. वारा पडला. थडग्यांच्या त्या साऱ्या पसाऱ्यातून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बारीक खडे निसटल्यासारखा आवाज आला आणि थांबला.

"चला," उल्का म्हणाली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

बस निघाली ती कण्हतच. "साहेब, गाडी ओढत नाय," मुनाफ म्हणाला. तो रत्नागिरीकडचा. "टायर बगा, पार बसलेत. मानसा तेवडीच हायत, मग वजन खयसून इलां?"

"हवा कमी असेल."

"हवा सकाळीच भरलीय, इमानसे."

किल्ल्यावर चंद्रशेखरने पोर्तुगिजांचे बुरूज दाखवले, त्यांच्या पायाखाली गाडलेली जुनी नगरे समजावली. "वसईसारखाच हो," कुणी म्हणाले, "फक्त भजीवाला नाही." मंडळी हसली. पलीकडे समुद्र बुजवून केलेल्या सीफच्या भरावावर क्रेन हलत होत्या. नेहमी इथे त्याच्या वाणीला बहर येई. आज त्याचे वाक्य पुरे होईना. बोलायला लागावे, तो गुडघ्याच्या उंचीवर आजूबाजूला अनेक चेहरे वर करून ऐकत आहेत, असे वाटे. तो खाली पाही. खाली दगडच असत. बुरुजावरून उतरताना कुसुमबाईंनी एक हात अंगापासून दूर, अलगद धरला होता.

"हात दुखतो का, मावशी?"

"दुखत नाही. कोणीतरी बोट धरलंय. झटकावं वाटत नाही."

उल्का हे ऐकत होती.

बुदैयाला पोचले तेव्हा ओहोटी होती. ओली वाळू दूरवर उघडी पडलेली. तिच्यावर माणूस नाही, कुत्रे नाही. पाहुणे बसपाशी चहा पीत राहिले. उल्का आणि चंद्रशेखर पाण्याकडे चालत गेले आणि वळले. त्यांच्या दोघांच्या पावलांमागे, पावलांच्या आजूबाजूला, पार बसच्या दारापर्यंत, वाळू खळग्यांनी भरून गेली होती. प्रत्येक खळगा अंगठ्याएवढ्या टाचेचा आणि पाच बारीक बोटांचा होता. काही ठिकाणी पावले नव्हतीच. रांगणाऱ्या तळव्यांचे आणि गुडघ्यांचे ठसे होते.

"बघा," उल्का हळूच म्हणाली. "मी काल गप्प बसले ती याचसाठी. बाळा म्हटलं की कोण येत नाही? चार हजार वर्षांत त्यांना कुणी घरी चल म्हटलं नव्हतं. तुम्ही म्हणालात."

चंद्रशेखरने बोलण्यासाठी तोंड उघडले. खेकडे, पाणपक्षी, ओहोटी, प्रकाशाचा कोन: एकेक कारण जिभेपर्यंत आले आणि त्याच्यासमोर, तो पाहत असतानाच, कोरड्या जागी एक नवे पाऊल उमटले. त्याने तोंड मिटले.

"यांतला आपला कोणता?" तो म्हणाला. सहा वर्षांत मुलाविषयी त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"मला तरी कसं कळणार? नावच नाही."

तो बसपाशी गेला. "मुनाफ, परत सारला घे."

"आता? साहेब, दुपारी सगला दावलांत ना? खलास झाली सहल."

"खलास नाही. राहिलंय."

पाहुण्यांत कुरकुर झाली. प्रज्योत घड्याळ दाखवू लागला, तशा कुसुमबाई म्हणाल्या, "बस की रे गुमान. लोकाची लेकरं त्यांच्या घरी सोडायची असतात." प्रज्योतने घड्याळ बाहीखाली घेतले.

सूर्य टेकायला आला असताना बस थडग्यांपाशी थांबली. चंद्रशेखर खाली उतरला आणि दार धरून उभा राहिला. पाहुणे उतरताना धरी तसाच. बराच वेळ उभा राहिला. मग घसा खाकरून, एरवीच्याच स्वरात बोलू लागला.

"सावकाश उतरा. घाई नाही. इथून उजवीकडे चलायचं." तो पुढे झाला. "ही तुमची वस्ती. ही मोठी थडगी दिसतात ती तुमच्या माणसांची. तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून त्यांनी तुमची जागा आपल्या अंगाला लागून केली. असं सगळीकडे करत नाहीत. आम्ही केलं नाही." तो आणखी एक पाऊल पुढे सरकला. "हे थडगं पाहा, याला लागून हे लहान. ज्याचं त्याने ओळखावं. मी बोलावलं ते चुकून. तुमच्या आया इथे आहेत."

एकेका लहान थडग्यापाशी तो वाकला, थांबला, पुढे गेला. जिथे जिथे तो थांबे, तिथे खडे निसटल्याचा बारीक आवाज होई. बसमधली मंडळी काचांना नाक लावून पाहत होती. हसले कुणीच नाही. शेवटच्या थडग्याशी पोचून तो वळला, तेव्हा उल्का आणि कुसुमबाई बसच्या पायरीशी उभ्या होत्या. बाईंचा हात अजून तसाच दूर धरलेला.

"सगळी गेली," त्या म्हणाल्या. "ह्याने बोट सोडलं नाही."

उल्का पायरीवर बसली.

"नाव ठेवलंय का ह्याचं?"

उल्केने नवऱ्याकडे पाहिले. बारसे, बारावा दिवस, शास्त्र: वाद तसाच्या तसा उभा होता आणि या खेपेला तो जिंकणे चंद्रशेखरला परवडणारे नव्हते.

"सुयश," तो म्हणाला. गरोदरपणी उल्केने ठरवलेले नाव. तिला वाटत होते, तो ते विसरला. "पण नाव कानात सांगायला आत्या लागते. मला बहीण नाही."

"आमच्यातबी आत्याच सांगते," कुसुमबाई म्हणाल्या. "मी काय मेले का?" त्या गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकल्या, तळहाताचा आडोसा केला आणि कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्या रिकाम्या जागेच्या कानात नाव सांगितले. मग हलकेच, एखाद्याच्या पाठीवर हात ठेवून पुढे सरकवावे तसा, त्यांनी आपला हात उल्केकडे नेला आणि मोकळा केला.

उल्का उठली. थडग्यांकडे तोंड करून तिने हाक मारली. सहा वर्षे साठवलेली हाक होती. बुदैयाच्या रस्त्यापर्यंत गेली असेल.

"सुयश! चल रे, घरी चल!"

या वेळी खडे हलले नाहीत. वारा मात्र सुटला.

बस सुरू झाली. "गाडी हलकी झाली, साहेब," मुनाफ म्हणाला. मग क्लच सोडता सोडता पुटपुटला, "अगदी पयल्यासारखी नाय, पन चालंल."

उल्का खिडकीशी सरकून बसली होती. शेजारच्या रिकाम्या जागेवर एसीचा गार झोत येत होता, म्हणून तिने तिथे पदर पसरला होता.

"साहेब, बसा की. यल्ला, चला, वहिनींच्या बाजूला जागा हाय."

चंद्रशेखरने त्या जागेकडे पाहिले. त्याला काहीच दिसले नाही.

"नाही," तो म्हणाला. "जागा नाही." आणि वरचा दांडा धरून तो घरापर्यंत उभा राहिला.