दोनदा वजा झालेले दीड किलो

मी एक जुने फंक्शन आहे, मित्रांनो. फंक्शन म्हणजे संगणकाच्या पोटातली छोटीशी आज्ञावली. माझा सगळा संसार जेमतेम सहा ओळींचा. एका दवाखान्याच्या डायलिसिसच्या खोलीत माझी नेमणूक आहे. रुग्णाचे वजन हाती आले की त्यातून कपड्यांचे आणि पांघरुणाचे दीड किलो वजा करायचे, एवढेच माझे काम.

मला लिहिणाऱ्या बाई शिस्तीच्या होत्या. वजनाचा मूळ आकडा त्यांनी मला कधी दिला नाही. त्याची प्रत काढून देत. प्रतीत मी कितीही काटछाट केली तरी मूळ आकडा जागच्या जागी राही. दर रुग्णामागे मला दोनदा हाक येई: एकदा पडद्यावर वजन दाखवायला आणि एकदा अंगातले किती पाणी काढायचे ते ठरवायला. अकरा वर्षांत माझ्याबद्दल एकही तक्रार आली नाही.

बाई निवृत्त झाल्या. नव्या प्रोग्रामरला प्रती काढणे म्हणजे नसता ताप वाटला. "मूळच देऊन टाकू, कशाला पसारा," म्हणत त्याने एक शब्द बदलला. आता पहिल्या हाकेला मी मूळ आकड्यातूनच दीड किलो कापले. पडद्यावर वजन बरोबर दिसले. दुसऱ्या हाकेला त्या कापलेल्या आकड्यातून पुन्हा दीड किलो गेले. त्यामुळे यंत्र पाणीही दीड किलो कमी काढी आणि प्रत्येकाच्या अंगात तेवढे पाणी तसेच राहू लागले. मला काय कळणार? दिले त्यातून मी वजा केले.

इतरांनी कसेबसे सोसले. शिंपीकाकांचे हृदय मात्र आधीच अधू होते. खिशातली टेप काढून त्यांनी एकदा स्वतःचा घोटा मापून दाखवला.

"सिस्टर, पाऊण इंच वाढलाय बघा. पाणी राहतंय आत."

"काका, वजन तर बरोबर दाखवतंय. खरं सांगा, घरी जास्त पाणी पिता ना?"

"नाही हो. ही मोजून दोन पेले देते."

पुढच्या वेळी सोबत आलेल्या काकूच सिस्टरना म्हणाल्या, "एका पेल्यावर आणलंय त्यांना. आता नळाला कुलूप तर लावता येत नाही."

काकांचे ओठ फुटले होते, तरी सूज वाढतच होती. पाचव्या आठवड्यात ते धाप लागून गेले. फाइल परत द्यायला आलेल्या काकू सिस्टरना म्हणाल्या, "शेवटपर्यंत खोटं बोलले हो माझ्याशी."

चूक सापडली ती त्यानंतर. प्रोग्रामरने तो शब्द गुपचूप पूर्वीसारखा केला आणि मी पुन्हा गुणाचे ठरले.

मित्रांनो, कुणाच्या हाती काही सोपवताना मूळ देताय की प्रत, हे बघत जा. माझ्यासारख्याला ते विचारता येत नाही. आणि त्या काकू तुम्हाला कधी भेटल्या, तर त्यांना सांगा, काका त्यांनी मोजून दिले तेवढेच पाणी पीत होते.