भिंतीवरचा नंबर

बायकोचं म्हणणं असं की मी मदतीला गेलो ते लोकांच्या कळवळ्याने नाही, तर मला घरात स्वस्थ बसवत नाही म्हणून. खरंही असेल. चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवली, आणि वादळाची बातमी आली तेव्हा मी आमचाच दरवाजा तिसऱ्यांदा घासत होतो.

आमच्या गटाचं काम ठरलेलं होतं. घरात शिरलेला चिखल काढायचा, भिंती धुवायच्या आणि बुरशी धरू नये म्हणून चुन्याचा हात मारायचा. मला एका मावशींचं घर मिळालं. पंचाहत्तरीच्या, एकट्या, शिवणकामावर पोट भरणाऱ्या बाई. छप्पर उडालं होतं, स्वयंपाकघर तेवढं शाबूत. मावशी पाण्याच्या रांगेत होत्या. म्हटलं, येईपर्यंत चकित करू. स्वयंपाकघराची मळकट निळी भिंत घासली, चुना मारला. अशी उजळली की मीच खूश झालो.

मावशी आल्या आणि भिंत बघून थेट दारामागे शिरल्या. तिथे भिंतीवर त्यांनी लेकीचा नंबर लिहिला होता. मोबाईल पाण्यात गेलेला. लेक दूरच्या शहरात नर्स, आणि आई जिवंत आहे की नाही हे तिला तीन दिवस कळलं नव्हतं. मदत केंद्रात एकच फोन चालू होता, त्यावर मावशींची पाळी चार वाजता. तीन वाजून गेले होते.

चूक माझी, पण चिडलो मीच. एवढा महत्त्वाचा नंबर कुणी भिंतीवर लिहितं का, असं बोलून गेलो.

"भिंत हरवत नाही, म्हणून," मावशी म्हणाल्या.

पाठ का केला नाही, हेही ओठांवर आलं होतं. मग आठवलं, मला बायकोचा पाठ नाही. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

नंबर लिहिला कशाने, ते विचारलं. बॉलपेनने, आणि पेन उठत नव्हतं म्हणून दाबून दाबून गिरवला होता. तेव्हा जिवात जीव आला. चुना अजून ओला होता. फडकं भिजवून, पिळून, अलगद पुसत गेलो. वरचा चुना निघाला, पण पेनाच्या खाचांत बसलेला राहिला. निळ्या भिंतीवर एकेक आकडा पांढरा उमटला. दहाच्या दहा. मावशींनी ते दोनदा मोठ्याने वाचून घेतले.

मदत केंद्राच्या वाटेत त्यांनी मला बजावलं, छपराचा विषय काढायचा नाही. लेक कधीची मागे लागली होती, माझ्याकडे राहायला ये म्हणून. "मी कुणाच्या गळ्यात पडणारी नाही. आणि तिला कळलं तर कामधंदा सोडून धावत येईल."

पहिल्या घंटेलाच फोन उचलला गेला. मावशी एका दमात सांगत सुटल्या की त्या मजेत आहेत, घर जागेवर आहे, इतकंच काय, एका पेंटरने भिंतसुद्धा रंगवून दिली आहे. मग त्या थांबल्या आणि नाराजीने फोन माझ्याकडे दिला.

"काका, ती खरं बोलतेय?" लेकीने विचारलं. आवाज रडून बसलेला होता.

मावशी समोरून डोळे वटारत होत्या. पण मघाशी भिंतीला चुना लावला होता, आता पोरीलाही लावणं जिवावर आलं.

"छप्पर गेलंय, पोरी," मी म्हणालो. "आई धडधाकट आहे. पण तू ये."

परत येताना मावशी पुढे पुढे चालत राहिल्या, आणि मी मागून अपराध्यासारखा. चिखलात हात द्यायला गेलो तर तो झटकला. मला वाईट वाटलं, पण बोललेलं परत घ्यावंसं मात्र वाटलं नाही.

दाराशी पोचल्यावर त्या पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या.

"कधी पोचते म्हणाली?"

"उद्या सकाळी."

त्यांनी चिखलाने चिकटलेल्या केसांवरून एकदा हात फिरवला. मग वळून विचारलं, "तुमच्या माणसांत कुणाकडे कंगवा असेल का रे?"