त्या हप्त्यातली लाईट

हळद मोडायला आमी अकरा बाया व्हतो. तातेरावच्या वावरात उकरलेल्या हळदीचे ढीग पडले व्हते. काळी माती सुकून गड्ड्याला अशी चिकटली व्हती की हळकुंड तोडताना नखं दुखायची. लखमा येऊन माझ्या शेजारी बसली तशी समोरची गंगूताई उठली.

"ही हितं बसणार असंल तर मी न्हाई काम करणार."

लखमा एकटी बाई, गावाबाहेरच्या खोलीत राहणारी. कोमलचा खून झाला तवापासून गावानं तिला धरलं व्हतं. कोमल म्हंजे मंजुळाबाईची नऊ वर्सांची पोरगी. मागच्या माघात दुपारची शेळी आणाया गेली, आन दुसऱ्या दिवशी कॅनॉलच्या नळ्यात सापडली. गळा दाबलेला. कानातलं कानातच व्हतं. वर्स झालं, पोलिसांना कुणी सापडलं न्हाई.

"अमावस्या जवळ आल्ती तवा," गंगूताई म्हणली. "करणीपायी लेकरू घेतलं हिनं."

"आन तो कुकरवाला?" रीता म्हणली. "हळद शिजवाया परगावचा आल्ता, रत्नपाल. सहा दिवस ठेवलं व्हतं त्याला चौकीत."

"सोडलं न्हाई का त्याला?" मी इचारलं.

"सोडलं म्हंजे सुटला व्हय?"

मंजुळाबाई कडंला बसली व्हती. वर्सभर ती या बोलण्यात पडली नव्हती. त्या दिवशी बोलली, हात न थांबवता.

"रत्नपाल नव्हता. त्या दुपारी त्याचा कुकर कुरुंद्याला चालू व्हता. ज्याची हळद शिजत व्हती त्याच्या घरी जाऊन इचारलं मी. आन लखमा शिरड शहापूरला दवाखान्यात व्हती, हाताला टाके घालाया. चिठ्ठीवर तारीख बघितली मी."

"चिठ्ठी काय, कुणी बी लिहून देतंय," गंगूताई म्हणली.

तेवढ्यात बांधावरून तातेराव आला. तीस एकराचा मालक. आमच्या वावराची वाट त्याच्याच बांधावरून जाती.

"काहून कालवा करून राहिल्या? लखमे, तू जाय घरी. बायांना तकलीफ व्हती तर मी काय करू?"

लखमा पदर झटकून उठली.

"बस खाली," मंजुळाबाई तिला म्हणली. मग तातेरावकडं वळली. "दादा, तुमी पोलिसांना सांगितलं, गावाला बी सांगितलं, त्या दुपारी कॅनॉलकडच्या वावरात गव्हाला पाणी देऊन राहिलो व्हतो. पोरगी दिसली न्हाई. बराबर?"

"व्हय. मोटर चालू व्हती माझी."

"मोटरीला थ्री फेज लागती. त्या हप्त्यात आपल्या शेतीला लाईट रातची व्हती, दिसा मोटर चालत नव्हती."

तातेराव हसला, पण लई थोडं.

"वर्सामागली लाईट कुणाच्या ध्यानात राहती? मंजुळे, तुझं दुख मोठं हाये म्हणून ऐकून घेऊन राहिलो."

"तुमी केलं असं मी म्हणत न्हाई. तुमी कुठं व्हता हे कुणी धड इचारलं न्हाई, एवढंच म्हणते." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "वैनी, लाईट कवाची व्हती?"

मला ठावं व्हतं. त्या हप्त्यात आमचे मालक रोज रातचे पाण्यावर जात व्हते, बॅटरी मीच हातात देत व्हते. तातेराव माझ्याकडं बघून राहिला. मी एक हळकुंड तोडलं. दुसरं तोडलं.

"रातची," मी म्हणले.

तातेरावनं आमा तिघींना तिथूनच घरी लावून दिलं. दुसऱ्या दिवशी चौकीत जाऊन मी जबाब दिला. घरी मालक चार दिवस बोलले न्हाईत. पोलिसांनी तातेरावला बोलावलं. तो म्हणला, मला इसर पडला व्हता, मी त्या दुपारी घरी झोपलो व्हतो. घरच्यांनी व्हय म्हणलं. तपास चालू हाये म्हणतात.

तातेरावच्या बांधावरल्या आमच्या वाटंवर काट्या पडल्या. आता डोक्यावर वझं घेऊन वढ्यातून फेरा मारून जावं लागतंय.

लखमाचं नाव मातर कुणी घेईना झालं. परवा गिरणीत गंगूताईनं मला नवीन ऐकवलं: खून आईनंच केला असंल, न्हाईतर कुण्या आईला एवढं हिंडाया जमतंय?

मंजुळाबाईच्या कानावर जायच्या आधी मीच जाऊन सांगितलं. तिनं ऐकलं आन पायात चप्पल घातली.

"मग मला बी इचारा म्हणावं," ती म्हणली. "मी कुठं व्हते ते सांगाया चौकीतच चालले."

मी तिचं दार लोटलं आन तिच्यासंगं निघाले.